मॉडेम वसरीत, राउटर माजघरात: डीएसएल जोडणीवर ब्रिज मोड कसा लावावा

गोव्यातल्या जुन्या घरात फोनची तार कुठून आत येणार, हे रस्त्यावरचा खांब घराच्या कोणत्या बाजूला उभा आहे यावरून ठरते. खांबावरून आलेली तार वसरीच्या वाशावर टेकते, तिथून दाराच्या चौकटीशेजारच्या लहानशा पांढऱ्या पेटीत शिरते, आणि मग मॉडेमही तिथेच, चपलांच्या फळीजवळच्या एखाद्या स्टुलावर कायमचा मुक्काम ठोकतो. इंटरनेट वापरणारी माणसे मात्र आतल्या खोल्यांत असतात आणि मध्ये जाड चिऱ्याच्या दोन-तीन भिंती उभ्या असतात. या भिंतींनी घर उन्हाळ्यात थंड राहते हे खरे, पण वायफायचा सिग्नलही त्या बऱ्यापैकी गिळून टाकतात.

अशा वेळी बहुतेक लोक फोनचीच तार वाढवून मॉडेम आत नेतात. हा उपाय टाळावा. वायरमनकडे मिळणारी साधी फोनची तार बोलण्यापुरती ठीक असते, कारण माणसाचा आवाज फोनवर ४ किलोहर्ट्झच्या आतच असतो. डीएसएलचा, म्हणजे फोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा, सिग्नल मात्र त्याच तारेवर सुमारे २५ किलोहर्ट्झपासून वर चालतो आणि एडीएसएल २+ या त्याच्या प्रकारात थेट २.२ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतो. त्या वारंवारतेला प्रत्येक वाढीव मीटर, प्रत्येक सांधा आणि ट्यूबलाइटच्या वायरीशेजारून गेलेला प्रत्येक तुकडा भोवतो. याउलट नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत वेग न गमावता माहिती नेते, आणि आपल्याकडचे मोठ्यात मोठे चौसोपी घरही त्या मर्यादेत सहज बसते. म्हणून मॉडेम तार येते तिथेच, शक्य तितक्या आखूड फोनच्या तारेवर ठेवावा. लांब न्यायची ती नेटवर्कची केबल, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला घराच्या मध्यावर वेगळा राउटर लावावा.

नुसता राउटर जोडूनही इंटरनेट चालते, मग ब्रिज मोडचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. घरी आलेला मॉडेम बहुधा नुसता मॉडेम नसतो. तारेवरचा सिग्नल उलगडणे, सेवा पुरवणाऱ्याकडे युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करणे, घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणे आणि वायफाय सोडणे ही सगळी कामे तो एकटाच करत असतो. त्याच्यामागे दुसरा राउटर जोडला की पत्ते वाटणारे दोघे होतात आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडणीला दोन दारे ओलांडावी लागतात. यूट्यूब पाहताना याचा पत्ताही लागत नाही. पण मुले आखातात किंवा इंग्लंडमध्ये असतील आणि त्यांना गावच्या घराचा कॅमेरा थेट जोडणीने पाहायचा असेल, किंवा कुणाला कार्यालयाची व्हीपीएन वापरायची असेल, तर अडचण इथेच येते. ब्रिज मोडमध्ये मॉडेमकडे फक्त पहिले काम उरते. लॉगिन, पत्ते, फायरवॉल आणि वायफाय ही सगळी जबाबदारी राउटरकडे जाते. मॉडेमचे जुने सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे अद्ययावत झालेले नसते, तेव्हा त्याला इंटरनेटसमोर उघडे न ठेवणे हाही यातला एक मोठा फायदा आहे.

आधी तार, मग सेटिंग

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करावी लागते. ब्रिज मोडमुळे खराब तार सुधारत नाही. सारखे तुटणारे इंटरनेट ही तक्रार घेऊन नवा राउटर विकत घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यातल्या अनेकांचा दोष त्या पांढऱ्या पेटीत सापडतो.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त तार तपासावी. घरात लँडलाइनचा रिसीव्हर असेल तर तो उचलून कोणताही एक आकडा दाबावा. डायल टोन थांबतो आणि काही क्षण शांतता मिळते. त्या शांततेत खरखर, गुणगुण किंवा तळणीत काही तडतडल्यासारखा आवाज आला, तर तारेत दोष आहे असे समजावे. मग पेटीचे झाकण उघडून पाहावे. आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात झाकण काढले तेव्हा दोन्ही स्क्रूंवर शेवाळासारखा हिरवा थर चढलेला होता, तांब्याची एक तार त्या थराने इतकी खाल्ली होती की बोट लागताच तुटली, आणि कोपऱ्यात मुंग्यांनी मातीचे लहानसे वारूळच रचले होते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि त्यात समुद्राकडचा खारा वारा, असे दोन्ही असल्यावर तांबे हिरवे पडणे यात नवल नाही. तारेचे टोक कापून, दोन सेंटिमीटर नवे तांबे उघडे करून, स्क्रू बदलून ते पुन्हा घट्ट बसवल्यावर आमच्याकडचा निम्मा त्रास तिथेच संपला. वीज चमकत असताना मात्र या तारेला हात लावू नये. रिंग वाजतानाही फोनच्या तारेवर झटका जाणवेल इतका दाब येतो, म्हणून अंगणातून रिंग देऊ नका असे घरातल्यांना बजावून मगच झाकण उघडावे.

दुसरी तपासणी स्प्लिटरची, म्हणजे फोनचा आवाज आणि डीएसएलचा सिग्नल वेगळे करणाऱ्या डबीची. भिंतीवरच्या पेटीतून आलेली तार आधी स्प्लिटरच्या ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत जावी, तिथून ‘मॉडेम’ची तार मॉडेमला आणि ‘फोन’ची तार फोनला जावी. आतल्या खोलीत आजोबांसाठी कधीकाळी समांतर फोन लावलेला असेल आणि त्याची तार स्प्लिटरच्या आधीच फुटत असेल, तर फोन वाजताक्षणी इंटरनेट तुटते. असा समांतर फोन काढून टाकावा किंवा त्याला वेगळा फिल्टर लावावा.

तिसरी तपासणी मॉडेमच्या पानावरची. संगणक केबलने मॉडेमला जोडावा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकावा (कळफलक इंग्रजीवर ठेवून, देवनागरी आकडे तिथे चालत नाहीत) आणि लॉगिन करावे. युजरनेम-पासवर्ड बहुधा मॉडेमच्या तळाशी चिकटवलेले असतात, आणि पुष्कळ जुन्या मॉडेमवर दोन्हीकडे ‘अ‍ॅडमिन’ हाच शब्द चालतो. ‘स्टेटस’ किंवा ‘डिव्हाइस इन्फो’ या पानावर तारेची आकडेवारी दिसते. त्यात एसएनआर मार्जिन हा आकडा सर्वांत बोलका असतो, कारण सिग्नल गोंगाटापेक्षा गरजेहून किती वर आहे हे तो सांगतो. तो १० डेसिबलच्या वर असेल तर निश्चिंत राहावे. ६ च्या खाली असेल तर जोडणी केव्हाही तुटेल असे धरून चालावे. ‘लाइन अटेन्युएशन’ हा दुसरा आकडा एक्सचेंजपासूनचे अंतर आणि तारेची अवस्था दाखवतो. तो ३० डेसिबलच्या आत असणे चांगले, ६० च्या पुढे गेला तर फारशा वेगाची अपेक्षा ठेवू नये. एडीएसएल २+ चा २४ मेगाबिटचा वेग एक्सचेंजजवळच्या घरालाच मिळतो. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या आडवळणाच्या वाड्यावर, काही किलोमीटर तांबे ओलांडून आलेल्या सिग्नलला तो वेग कोणताही राउटर देऊ शकत नाही. हे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा भर पावसात घेतलेले आकडे शेजारी ठेवले की तक्रार नोंदवताना आपले म्हणणे आकड्यांसह मांडता येते.

काय लिहून घ्यावे

मॉडेममध्ये काहीही बदलण्याआधी सध्याची सगळी सेटिंग लिहून घ्यावी. मोबाइलवर पडद्याचे फोटो काढणे पुरेसे आहे, पण तो मोबाइल त्याच वायफायवर अवलंबून असतो हे ध्यानात ठेवून पुढची सूचनाही आधीच वाचून ठेवावी. ‘मेंटेनन्स’ किंवा ‘मॅनेजमेंट’खाली सेटिंगची प्रत जतन करण्याची सोय असते, तीही संगणकावर घ्यावी.

लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. पीपीपीओई, म्हणजे सेवा पुरवणाऱ्याकडे लॉगिन करण्याची पद्धत, तिचे युजरनेम आणि पासवर्ड या त्यांतल्या सर्वांत महत्त्वाच्या. युजरनेम पडद्यावर पूर्ण दिसते, पासवर्ड मात्र ठिपक्यांआड असतो, आणि जोडणी घेतली त्या वर्षी तो ज्या कागदावर लिहिला होता तो कागद बहुतेक घरांत वीजबिलांच्या गठ्ठ्यात हरवलेला असतो. पासवर्ड हाती नसेल तर इथेच थांबावे आणि सेवा पुरवणाऱ्याकडून तो नव्याने ठरवून घ्यावा. त्यानंतर व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन आकडे. एडीएसएलवर एक्सचेंजमधील यंत्रणा आणि मॉडेम यांच्यातला आभासी मार्ग या जोडीने ठरतो. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या एडीएसएल जोडण्यांवर ० आणि ३५ ही जोडी सर्रास दिसते. पण आपल्या पडद्यावर जी जोडी असेल तीच प्रमाण मानावी. एन्कॅप्सुलेशनच्या, म्हणजे माहिती गुंडाळण्याच्या पद्धतीच्या, रकान्यात एलएलसी आहे की व्हीसी-मक्स, तेही टिपून घ्यावे. जोडणी व्हीडीएसएल या डीएसएलच्या दुसऱ्या प्रकारची असेल तर व्हीपीआय-व्हीसीआय नसतात. त्याऐवजी पीटीएम हा प्रकार आणि कधीकधी व्हीलॅनचा क्रमांक असतो, तो लिहून घ्यावा.

सध्याची जोडणी पीपीपीओई प्रकारची आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे, कारण पुढची सगळी पद्धत तसे गृहीत धरून सांगितली आहे. मॉडेमवरूनच टीव्हीची किंवा इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनची सेवा घेतलेली असेल, तर त्यांची सेटिंग वेगळी असते, आणि त्या सेवा बंद पडणार नाहीत याची खात्री होईपर्यंत मॉडेमला हात लावू नये. स्प्लिटरवर चालणाऱ्या साध्या लँडलाइनला मात्र ब्रिज मोडने काहीही होत नाही.

मॉडेममधले बदल

हे काम केबलनेच करावे. वायफायवरून करायला गेल्यास ज्या फांदीवर बसलो तीच तोडल्यासारखे होते.

मॉडेमच्या पानांची मांडणी कंपनीगणिक बदलते, पण आपल्याकडच्या घरांत दिसणारे पुष्कळ एडीएसएल मॉडेम दोन घराण्यांत मोडतात. (डी-लिंक आणि डिजीसोल या दोन्ही नावांचा आपल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीशी जुना संबंध आहे, तेव्हा त्यांचे मॉडेम इथे अधिक दिसले तर आश्चर्य नको.) पहिल्या घराण्यात वरच्या पट्टीत ‘इंटरफेस सेटअप’ असे लिहिलेले असते. त्यात ‘इंटरनेट’ हे पान उघडले की व्हर्च्युअल सर्किटची यादी येते. आपली व्हीपीआय-व्हीसीआय जोडी ज्या सर्किटवर आहे ते निवडावे, खाली ‘आयएसपी’ या शीर्षकाखालील चार पर्यायांतून ‘पीपीपीओए/पीपीपीओई’ऐवजी ‘ब्रिज मोड’ निवडावा, एन्कॅप्सुलेशन लिहून घेतल्याप्रमाणे, बहुधा ‘१४८३ ब्रिज्ड आयपी एलएलसी’, ठेवावे आणि ‘सेव्ह’ दाबावे. इतर सर्किटे चालू असतील तर ती बंद केलेली बरी.

दुसऱ्या घराण्यात डावीकडे ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटअप’ अशी उभी यादी असते. तिथे काम दोन टप्प्यांत होते. आधी ‘लेयर २ इंटरफेस’खाली एटीएमचा थर तपासायचा, म्हणजे व्हीपीआय-व्हीसीआय, एन्कॅप्सुलेशन आणि ‘ईओए’ हा प्रकार बरोबर आहेत ना ते पाहायचे. मग ‘वॅन सर्व्हिस’मध्ये जाऊन जुनी पीपीपीओई सेवा काढून टाकायची आणि त्याच थरावर ‘ब्रिजिंग’ प्रकारची नवी सेवा जोडायची. जुनी सेवा न काढता नवी जोडली, तर काही मॉडेम मुकाट्याने जुनीच चालवत राहतात.

यानंतर मॉडेमचे वायफाय बंद करावे. ते चालू राहिले तर घरातले मोबाइल सवयीने जुन्याच नावाला चिकटतात आणि “नेट नाही” अशी ओरड होते. सर्वांत शेवटी मॉडेमची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करावी. ‘शेवटी’ हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे. ती आधी बंद केली तर संगणकाचा पत्ता जातो, मॉडेमचे पान उघडेनासे होते आणि अर्धवट सेटिंग तसेच राहते. तसे झालेच तर घाबरू नये. संगणकाला हाताने १९२.१६८.१.१० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा, गेटवेची जागा रिकामी ठेवावी, की पान पुन्हा उघडते. ही युक्ती पुढेही कधी मॉडेममध्ये डोकवायचे झाल्यास उपयोगी पडते.

मॉडेम बंद करून पुन्हा सुरू करावा आणि डीएसएलचा दिवा लुकलुकणे थांबून स्थिर होईपर्यंत वाट पाहावी. इंटरनेटचा दिवा आता लागणार नाही किंवा वेगळ्या रंगाचा दिसेल. यात बिघाड काही नाही. लॉगिन आता मॉडेम करत नाही, म्हणून त्या दिव्याला सांगण्यासारखे काही उरलेले नाही.

मधली कसोटी

बहुतेक लोक इथून थेट राउटरकडे वळतात आणि काही अडले की दोष मॉडेमचा की राउटरचा या घोळात संध्याकाळ घालवतात. त्यापेक्षा मॉडेम आणि संगणक एवढेच जोडून एक कसोटी घ्यावी. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये नवी जोडणी तयार करताना ‘ब्रॉडबँड (पीपीपीओई)’ हा पर्याय मिळतो; त्यात युजरनेम-पासवर्ड टाकून ‘कनेक्ट’ म्हणावे. जोडणी लागली तर मॉडेमचे काम चोख झाले, आणि पुढे जे काही अडेल ते राउटरमध्येच शोधावे. ६९१ हा त्रुटी क्रमांक आला तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकला आहे. ६५१ आला तर पलीकडून उत्तरच येत नाही, म्हणजे व्हीपीआय-व्हीसीआय, एन्कॅप्सुलेशन किंवा तार पुन्हा तपासावी. माहिती सगळी बरोबर असूनही नकार येत असेल, तर जुने लॉगिन पलीकडे अजून जिवंत असण्याची शक्यता असते. मॉडेम काही मिनिटे बंद ठेवून पुन्हा प्रयत्न करावा.

कसोटी पार पडली की ही जोडणी लगेच तोडावी. एक तर संगणक त्या वेळी राउटरच्या आडोशाविना थेट इंटरनेटवर असतो. आणि दुसरे म्हणजे एका खात्यावर एकाच लॉगिनची मुभा असल्यास संगणक आत असेपर्यंत राउटरला प्रवेश मिळत नाही.

केबल ओढताना

वसरीपासून माजघरापर्यंतची केबल हा या कामातला सर्वांत कष्टाचा भाग आहे, आणि तो एकदाच नीट करावा. केबल कॅट ५-ई किंवा कॅट ६ ची, शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण दमट हवेत तिची टोके लवकर दगा देतात. कौलारू घरात केबल माळ्यावरून नेणे सोपे, मात्र तिथे उंदीर असतात आणि त्यांना केबलचे वेष्टण फार आवडते, म्हणून ती पीव्हीसीच्या पाइपातूनच न्यावी. विजेच्या वायरींशेजारून ती लांबवर समांतर जाऊ देऊ नये. भिंतीला भोक पाडायचे असल्यास चिरा ड्रिलला फारसा विरोध करत नाही. बाहेरच्या भिंतीतले भोक मात्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे, नाहीतर पागोळ्यांचे पाणी केबलच्या अंगावरून घरात पाझरते. जोडणीचे प्लग केबल भोकातून पलीकडे गेल्यावर बसवावेत, म्हणजे भोक बोटाएवढे पुरते.

राउटर लाकडी कपाटाच्या वर, छातीच्या उंचीपेक्षा वर ठेवावा. गोदरेजच्या लोखंडी कपाटामागे किंवा फ्रिजच्या शेजारी ठेवू नये. ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वेगवान असले तरी चिऱ्याची भिंत ओलांडताना ते २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर थकते, म्हणून दोन्ही चालू ठेवावेत. डीएसएलचा मूळ वेगच मर्यादित असल्यामुळे आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झवर राहिल्याने फारसे काही गमावत नाही. त्या पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी नसलेला चॅनेल निवडावा.

राउटरमधले बदल

मॉडेमकडून आलेली केबल राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, खाचेत लावावी. ही खाच बहुधा निळी किंवा पिवळी, इतरांपासून जरा अलग असते. केबल चुकून लॅन, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, खाचेत गेली तर दिवे सगळे लागतात, वायफायही दिसते, पण राउटरची लॉगिनची मागणी मॉडेमपर्यंत पोहोचतच नाही. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की दुसरे काहीही तपासण्याआधी ती पाहून घ्यावी.

राउटरच्या पानावर जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडून युजरनेम-पासवर्ड टाकावा. जोडणी नेहमी चालू ठेवण्याचा पर्याय घ्यावा. एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार, १४९२ ठेवावा. इथरनेटची मर्यादा १५०० बाइट, त्यातले ८ बाइट पीपीपीओईचे वेष्टण खाते, उरतात १४९२. हा आकडा चुकला तर विचित्र लक्षणे दिसतात: काही संकेतस्थळे झटकन उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, बँकेचे पान नुसते फिरत राहते. खात्री करायची असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगचा आकार १४६४ ठेवून आणि पाकिटाचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून पाहावे. वरचे २८ बाइट मथळ्यांचे असल्याने १४६४ आकाराचे पाकीट पार झाले आणि १४६५ चे अडले, तर एमटीयू बरोबर आहे.

राउटरचा स्वतःचा पत्ता मॉडेमपेक्षा वेगळ्या मालिकेत ठेवावा. मॉडेम १९२.१६८.१.१ वर असेल तर राउटरला १९२.१६८.१०.१ द्यावा. दोघांचा पत्ता एकच राहिला तरी इंटरनेट चालते, पण पुढे मॉडेम शोधताना आपण राउटरच्याच दारात पुन्हा पुन्हा जाऊन उभे राहतो. वायफायला डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ सुरक्षा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद, आणि राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदललेला, एवढे त्याच बैठकीत उरकावे. वायफायचे जुने नाव आणि जुना पासवर्ड जसाच्या तसा नव्या राउटरला दिला, तर घरातल्या मोबाइल-टीव्हींना पुन्हा जोडत बसावे लागत नाही.

आता राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर वॅनचा पत्ता पाहावा. तो १९२.१६८.१ ने सुरू होत असेल तर मॉडेम अजून ब्रिज मोडमध्ये गेलेला नाही, आणि राउटर पीपीपीओईऐवजी ‘डायनॅमिक’वर राहिला आहे. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत असेल तर आपले काम बरोबर झाले आहे, पण सेवा पुरवणाऱ्यानेच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे, आणि बाहेरून घरचा कॅमेरा थेट पाहण्याची सोय त्याच्याकडून वेगळा सार्वजनिक पत्ता घेतल्याशिवाय होणार नाही. सगळे बरोबर असूनही लॉगिन नाकारले जात असेल आणि मधल्या कसोटीतही नकारच आला असेल, तर सेवा पुरवणाऱ्याने खाते जुन्या उपकरणाच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे त्याच्या कायमच्या ओळखक्रमांकाशी, बांधलेले असू शकते. अशा वेळी मॉडेमच्या तळाशी छापलेला मॅक पत्ता राउटरच्या ‘मॅक क्लोन’ रकान्यात टाकून पाहावा किंवा ते बंधन सोडवून घ्यावे.

वीज, गडगडाट आणि पिन

आता दोन उपकरणांना दोन ठिकाणी वीज लागते, आणि यातले एक बंद पडले तरी इंटरनेट जाते. दोघांना लहान इन्व्हर्टर किंवा राउटरसाठीचा मिनी यूपीएस लावावा. अ‍ॅडॉप्टर मात्र अदलाबदल करू नयेत, कारण ९ व्होल्ट आणि १२ व्होल्टचे प्लग दिसायला सारखेच असतात आणि एकमेकांच्या खाचेत बिनतक्रार बसतात. मे महिन्याच्या अखेरीस गडगडाट सुरू झाला की विजेचा प्लग काढून भागत नाही. फोनची तारही मॉडेममधून काढावी लागते, कारण वीज पुष्कळदा खांबावरच्या तारेवाटेच येते, आणि मॉडेमपासून पुढे नेटवर्कच्या केबलवरून राउटरच्या वॅन खाचेपर्यंत पोहोचते. रात्री झोपताना आकाश दाटलेले असेल तर दोन्ही तारा काढून ठेवण्याची सवय आमच्या घरी आता दिवा लावण्याइतकी नित्याची झाली आहे.

राहिली मॉडेमच्या पाठीमागची ती बारीक भोकातली रीसेटची कळ. ती दाबली की मॉडेम कारखान्यातून आला तसा होतो, म्हणजे ब्रिज मोड जातो, वायफाय आणि डीएचसीपी पुन्हा सुरू होतात आणि राउटर मुकाट्याने बाहेर पडतो. गेल्या चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली आणि आरतीआधी घरातल्या वीस-बावीस मोबाइलांचे नेट एकदम गेले. सगळे राउटरभोवती जमले. मी वसरीत जाऊन पाहिले तर माझा भाचा केसांची पिन हातात घेऊन उभा होता. “मामा, हळू चालत होतं ना, म्हणून रीसेट केलं,” तो म्हणाला. त्याचा उद्देश वाईट नव्हता. ब्रिज मोड लावून झाल्यावर जतन केलेली सेटिंगची प्रत संगणकावर होती, म्हणून ती मॉडेममध्ये परत चढवून पाच मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. त्या रात्रीच भोकावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, आणि मॉडेमच्या तळाशी त्याचा पत्ता, पासवर्ड, व्हीपीआय-व्हीसीआय आणि ‘ब्रिज मोड’ एवढे शब्द लिहिलेली चिठ्ठी लावली.

पुढे तांब्याच्या तारेऐवजी फायबर आले, तर मॉडेमच्या जागी फायबरचे यंत्र, म्हणजे ओएनटी, येईल. तेही ब्रिज मोडमध्ये ठेवता येते. तिथे व्हीपीआय-व्हीसीआयऐवजी व्हीलॅनचा क्रमांक विचारून घ्यावा लागतो, आणि हा क्रमांक काही ठिकाणी ओएनटीमध्ये तर काही ठिकाणी राउटरमध्ये टाकावा लागतो. राउटर, माळ्यावरची केबल आणि वायफायचे नाव मात्र आहे तसेच राहते.